जुनी डिस्क काढण्याआधी

बाळा,

स्पार्कस्टेशन ५ रेवसच्या घरी पोचलं हे ऐकून फार आनंद झाला. सनने १९९४ साली बाजारात आणलेलं यंत्र, आणि अजून टिकून आहे! आता त्याची हार्डडिस्क बदलायची म्हणतोस. बदल, जरूर बदल. डिस्क उपसायला काहीच वेळ लागत नाही. तिच्यावर जे आहे ते सुखरूप उतरवून घ्यायला मात्र सवड लागते. तुझा हात विचारापेक्षा चपळ आहे हे मी तुझ्या रांगण्यापासून बघत आलेय, म्हणून नंबर घालून लिहिते. क्रम मोडू नकोस, एवढंच आत्याचं मागणं.

आधी गावची हवा आणि वीज. ही यंत्रं एसी खोल्यांत वाढलेली आहेत. आपल्याकडे खाडीवरून येणारा वारा खिडकीच्या गजाचा रंगसुद्धा टिकू देत नाही.

१. लाँचमधून उतरवलेलं मशीन घरात शिरल्याबरोबर चालू करायचं नसतं, एक रात्र नुसतं राहू दे – थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं, आणि ते अशा फटीत बसतं की तुला दिसतही नाही.

२. झाकण उघडलंस की आधी टॉर्चने आत बघ, पंख्यामागे आणि पॉवर सप्लायच्या जाळीत तर नक्कीच – बंद पडलेल्या यंत्रात पाल अंडी घालते, आणि मुंग्यांना तर आडोसा लागतोच.

३. यंत्राच्या किंवा त्याच्याबरोबर आलेल्या बाहेरच्या डब्याच्या मागे ११५ आणि २३० असं लिहिलेलं सरकतं बटण असेल, तर प्लग लावण्याआधी ते २३० वर आहे ना बघ – परदेशातून आलेलं सामान बरेचदा ११५ वर लावलेलं असतं, आणि आपली वीज त्याला एका क्षणात जाळते.

४. अर्थिंग वायरमनकडून मोजून घे, ‘आहे की’ या उत्तरावर थांबू नकोस – खाऱ्या जमिनीत सळई गंजून जाते आणि वर नुसती हिरवी वायर राहते.

५. वीज गेली की भिंतीवरचं बटण बंद कर, आणि परत आल्यावर थोडं थांबून लाव – येताना ती एक-दोनदा हुलकावणी देते, आणि जुनी डिस्क नेमकी अशाच वेळी बसकण मारते.

६. गडगडाट सुरू झाला की प्लग उपसून ठेव, नेटवर्कची वायरसुद्धा काढ – वीज कुठल्या वायरने घरात येईल याचा नेम नसतो.

७. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोटं टेकव, आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा असेल तर उत्तमच – पावसात अंगावर स्थिर वीज कमी साचते, पण माघातल्या कोरड्या वाऱ्यात ती तुला न सांगता साचते.

आता कान. जुन्या डिस्कची निम्मी परीक्षा ऐकूनच होते, म्हणून पहिल्यांदा चालू करशील तेव्हा टीव्ही बंद ठेव आणि घरच्यांना गप्प बसव.

८. आधी फिरण्याचा आवाज हळूहळू चढतो, मग एक बारीक टक, मग थांबून थांबून खर्रखर्र – हा क्रम ऐकू आला तर डिस्क शहाणी आहे, घाबरू नकोस.

९. फिरताना कर्कश शीळ वाजत असेल तर बेअरिंग झिजलंय असं समज – अशी डिस्क महिनाभरही चालते आणि तासाभरातही संपते, म्हणून नक्कल त्याच दिवशी.

१०. ठरावीक तालात टक-टक होऊन फिरणं थांबत असेल तर लगेच बंद कर, ‘अजून एकदा बघू’ म्हणू नकोस – वाचणारं डोकं वाट चुकलेलं असतं, आणि दर खेपेला ते तबकडीवर ओरखडा काढू शकतं.

११. अजिबात फिरत नसेल, तर डोकं तबकडीला चिकटलेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सगळी तयारी मांडून, डिस्क हातात आडवी धरून मनगटाने एक हलका पीळ देऊन बघतात – पण हा शेवटचा उपाय आहे, आणि सुटलीच तर पुन्हा फिरेल याची खात्री नाही.

१२. एकदा फिरायला लागलेली संशयित डिस्क नक्कल पुरी होईपर्यंत बंद करायची नाही, जेवायला जायचं असलं तरी नाही. चालतीला थांबवू नये, थांबलेलीला ढकलू नये – तिचा जीव थांबताना आणि सुटताना सगळ्यात जास्त जातो.

१३. कुणी सांगेल फ्रीजरमध्ये ठेव म्हणून. आपल्या गावात तर मुळीच ठेवू नकोस – बाहेर काढताक्षणी तबकडीवर दव धरतं, आणि त्या दवावरून डोकं फिरलं की उरलेलंही जातं.

१४. डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी ‘झाकू नये’ असं छापलेलं. त्यावर लेबल, टेप काही लावू नकोस – आतली आणि बाहेरची हवा तिथून सारखी होते, मध्ये गाळणी असते. धूळ त्या गाळणीत अडकते. दमटपणा अडकत नाही, म्हणून ओल्या दिवसांत डिस्क उघड्यावर ठेवायची नाही.

आता वही. चौकोनी पानांची, साधी, पेन्सिलीसकट. मोबाइलवर फोटो काढ, पण लिहीसुद्धा – फोटोत आकडा दिसतो, तो तिथे का आहे हे दिसत नाही.

१५. काहीही सोडवण्याआधी वरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढ आणि प्रत्येक केबलला कागदी चिकटपट्टीवर नाव लिही – चपट्या केबलची लाल कड कुठल्या बाजूला होती हे रात्री आठवत नाही.

१६. डिस्कचे स्क्रू आणि सीडी-रॉमचे स्क्रू वेगळ्या वाट्यांत ठेव – साडेतीन इंची डिस्कला जाड आट्याचा लागतो, सीडी-रॉमला आणि फ्लॉपीला बारीक आट्याचा. उलटे लावले तर दोन्ही जागचे आटे जातात.

१७. हरवलेल्या स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घालू नकोस – तो आत जाऊन डिस्कच्या हिरव्या पाटीला टेकतो. ज्याचा स्क्रू हरवला त्याचा रविवार गेला, पण ज्याने भलता लावला त्याची डिस्क गेली.

१८. यंत्र सुरू होताना पडद्यावर इथरनेटचा पत्ता आणि होस्ट आयडी येतो. तो पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घे – हे आकडे ज्या चिपमध्ये राहतात तिची बॅटरी चिपच्या पोटातच बंद केलेली असते, तिचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं आणि तुझं यंत्र तिशीतलं.

१९. पत्त्यात सगळीकडे एफ-एफच दिसत असेल तर ती चिप गेली असं समज, आणि डिस्कवर खापर फोडू नकोस – चिप बदलून पत्ता पुन्हा भरता येतो, आणि होस्ट आयडीला बांधलेली जुनी सॉफ्टवेअर मूळ आकडा मिळाला तरच दार उघडतात.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा तू बाहेरून पाहिली असशील. ती तिथे का आली हे मात्र कुणी तुला सांगितलं नसेल. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालली होती. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं, आणि त्या विजेने नोंदी बिघडणार हे दिसू लागलं. तेव्हा डॉ. नानाभॉय मूस वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी अलिबागची जागा पसंत केली, आणि १९०४ साली तिथे काम सुरू झालं. आता लक्ष देऊन वाच. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेत राहिले, म्हणजे इथला आकडा आणि तिथला आकडा यांचं नातं पक्कं कळावं. त्यानंतर कुलाब्याच्या नोंदी थांबवल्या, आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. त्या दोन वर्षांमुळे कुलाबा-अलिबागची नोंद आज एक सलग नोंद म्हणून जगभर वापरली जाते. यंत्रं बदलली, गाव बदललं, तरी धागा तुटला नाही.

तुझ्या स्पार्कस्टेशनमध्ये डिस्कसाठी दोन कप्पे आहेत. एवढं सांगितल्यावर पुढचं तुझ्या ध्यानात आलं असेल.

२०. नवी डिस्क जुनीच्या जागी घालायची नाही, जुनीच्या शेजारी घालायची – दोघी एकत्र चालतात, तेव्हाच काय आलं आणि काय राहिलं ते ताडून बघता येतं.

२१. त्याहीआधी जुनीची पुरती नक्कल दुसऱ्या यंत्रावर घे. साध्या पीसीत अॅडॅप्टेक २९४० सारखं स्कझी कार्ड आणि लिनक्स असलं की काम भागतं. नक्कल आधी, पेचकस नंतर – नव्या डिस्कच्या नादात चुकून जुनीवरच लिहिलं गेलं, तर परत मागायला कुणी नसतं.

२२. आजारी डिस्कसाठी डीडीरेस्क्यू वापर, आणि त्याची नकाशा-फाइल जपून ठेव – ते आधी सोपा भाग उतरवतं, मग अवघड जागी परत जातं, आणि वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

२३. फाइलप्रणाली दुरुस्त करणारा एफएससीके मूळ डिस्कवर कधीच चालवू नकोस, नकलेच्या नकलेवर चालव – तो सरळ करण्यासाठी काही फाडूनही टाकतो.

२४. नक्कल झाल्यावर तिचा चेकसम काढून वहीत लिही, आणि मग लिनक्सवर ती फक्त वाचण्यापुरती उघडून दोन-चार फाइली खरोखर वाच. वाचून पाहिलं नाही, ते जपलं नाही – सनच्या यूएफएसचा प्रकार लिनक्सला सांगावा लागतो, तो नाही सांगितला तर चांगली नक्कलही मोडकी वाटते.

फाइली उघडशील तेव्हा घाईने ‘कचरा’ म्हणून पुढे जाऊ नकोस. नव्वदच्या दशकातल्या युनिक्स यंत्रांवर युनिकोडमधलं मराठी नव्हतंच म्हण ना. माणसांनी तरीही लिहिलं, ज्याला जशी वाट सापडली तसं. कुणी अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सच्या पद्धतीने रोमन अक्षरांत लिहिलं, मध्येच मोठी अक्षरं घालून. कुणी टेक्स वापरलं आणि ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली केलेल्या देवनागरीच्या जोडणीवर प्रबंध छापले. अशी फाइल उघडली की तुला वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं दिसतील आणि त्यात दर ओळीला एखादं ‘आहे’ किंवा ‘नाही’ डोकावेल. ते मराठी आहे, बाळा. हळू वाच, कळेल.

२५. नावाच्या शेवटी डॉट डीएन असलेल्या फाइली वेगळ्या उतरवून ठेव – देवनागरी टेक्सचं मूळ लिखाण त्यांच्यात असतं, छापायची फाइल त्यातून पुन्हा करता येते, उलटं मात्र होत नाही.

२६. लेख घेतलास तर त्याचा फॉन्ट आणि त्याला रूप देणारा प्रोग्रॅमही बरोबर घे – युनिकोडआधीच्या प्रत्येक मराठी फॉन्टची आकड्यांची मांडणी आपापली होती, आणि फॉन्टशिवाय उरते ती नुसती चिन्हांची खिचडी.

२७. गावातल्या कुणी डीटीपीवाल्याने त्याच्या जुन्या पीसीची डिस्क बदलायला बोलावलं, तर हाच नियम, आणि मागच्या प्रिंटरच्या सॉकेटमधलं लॉक काढून कुठे ठेवलंस ते त्याला दाखवून ठेव – त्या डोंगलशिवाय जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि त्याची सगळी लग्नपत्रिकांची चौकट त्यातच आहे.

२८. कुणाची खाजगी पत्रं, पगाराचे कागद, परीक्षांचे गुण सापडले तर वाचू नकोस. ज्यांचं आहे ते सापडत असतील तर विचार, नाहीतर पुसून टाक – यंत्र तू विकत घेतलंस, त्या माणसांचं आयुष्य नाही.

आता जोडणी. स्कझीचा बाऊ करतात लोक, पण तिचे नियम थोडे आहेत आणि ती ते काटेकोर पाळते. तूही पाळ.

२९. डिस्क मागवण्याआधी मागचं सॉकेट मोज: जुन्यांना पन्नास पिना, मधल्यांना अडुसष्ट, आणि तुझ्या यंत्राच्या कप्प्याला ऐंशी पिनांची – लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ‘स्कझी आहे ना, घेऊन जा’ म्हणेल, आणि परत द्यायला जायचं म्हणजे तुझा अख्खा दिवस.

३०. डिस्कच्या अंगावर एचव्हीडी असं लिहिलं असेल तर ती घेऊ नकोस, फुकट मिळाली तरी – तिचा व्होल्टेजचा हिशोब वेगळा असतो, आणि ती बाकीच्यांना घेऊन बुडते. एलव्हीडी चालेल, ती जुन्या पद्धतीने बोलायला तयार असते.

३१. एका साखळीवर प्रत्येकाचा नंबर वेगळा हवा: सनमध्ये सात नंबर खुद्द यंत्राचा, सहा सीडी-रॉमचा, तीन पहिल्या डिस्कचा, एक दुसऱ्या डिस्कचा – दोघांना एकच नंबर दिलास तर कधी दोघे गायब होतात, कधी एकच सात ठिकाणी दिसतो.

३२. पन्नास पिनांच्या डिस्कवर हा नंबर जंपरने देतात, एक, दोन आणि चार अशा किमतींच्या तीन जोड्या असतात – तीन हवा असेल तर एक आणि दोनवर टोपी घाल, चार मोकळी ठेव.

३३. ऐंशी पिनांच्या डिस्कला नंबर कप्प्याकडून मिळतो, तिच्यावर जंपर शोधत बसू नकोस – म्हणजेच डिस्क एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवली की तिचा नंबरही बदलतो. हे आत्ता साधं वाटेल, खाली पुन्हा भेटेल.

३४. टर्मिनेटर साखळीच्या दोन्ही टोकांना हवा आणि मधल्या कुणालाही नको. टोकं बंद, मधली मोकळी – तारेतला संदेश उघड्या टोकाला पोचला की धक्क्यावर आपटलेल्या लाटेसारखा उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो.

३५. एलव्हीडी डिस्कमध्ये स्वतःचा टर्मिनेटर नसतो, तो केबलच्या टोकाला वेगळा लावावा लागतो – जुन्यांमध्ये जंपरने चालू होणारा असायचा, त्यामुळे सवयीने विसरायला होतं.

३६. बाहेरच्या डब्यात किंवा पीसीवर ऐंशीवरून पन्नास करणारा जोड वापरशील तर तो उरलेल्या तारांनाही टर्मिनेशन देतो ना, हे विचारून घे – स्वस्त जोडांमध्ये तेवढंच वाचवलेलं असतं, आणि मग डिस्क दिसते पण मध्येच चुकीचं वाचते. अशी चूक पकडायला सर्वांत वाईट.

३७. कप्प्यात सरकवण्याआधी यंत्र पूर्ण बंद, प्लग बाहेर – ऐंशी पिनांची डिस्क मोठ्या सर्व्हरमध्ये चालू असताना बदलतात हे तू वाचलं असशील, तुझं यंत्र त्या सोयीचं नाही.

३८. दहा हजार फेऱ्यांची डिस्क स्वस्त मिळाली तरी या बसक्या डब्यात सावकाश फिरणारी घाल – उष्णतेला बाहेर जायला वाट अरुंद, पंखा म्हातारा, आणि आपला मे महिना तुला माहीत आहे.

३९. पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पाणी नको, सँडपेपर तर नकोच – सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, एकदा घासला की खाली तांबं उघडं पडतं आणि खारी हवा त्याला दुसऱ्याच दिवशी गाठते.

४०. फिरत्या डिस्कऐवजी एसडी कार्डावर चालणारी ब्लूस्कझी, झुलूस्कझी किंवा स्कझी२एसडी घ्यायचा विचार असेल तर माझी संमती आहे, फक्त पहिल्यांदा मागच्या बाहेरच्या सॉकेटला जोडून बघ – तिला वेगळा नंबर दे, जुनी आत शांतपणे चालू राहील, आणि पसंत नाही पडली तर काही उचकटावं लागणार नाही.

४१. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं घे आणि त्याचीही पूर्ण नक्कल पीसीवर ठेव – ते आवाज करत नाही, म्हणून मरतानाही आवाज करत नाही.

मला स्वतःला फिरणारी डिस्क आवडते, तिचं चालणं ऐकू येतं म्हणून. पण रोज वापरायच्या यंत्रात आज मी कार्डच घालीन, आणि जुनीला विश्रांती देईन. दोन्ही मतं खरी आहेत, तू तुझं ठरव. आता कीबोर्डपुढचं काम.

४२. सन कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबलं की ‘ओके’ असं लिहून यंत्र तुझी वाट बघतं, पण सोलारिस, म्हणजे सनची प्रणाली, चालू असताना हे करू नकोस, आधी रीतसर बंद कर – मध्येच थांबवलेल्या फाइली अर्ध्या लिहिलेल्या राहतात.

४३. चालू यंत्राचा कीबोर्ड उपसू नकोस, केर काढायला म्हणूनसुद्धा – कीबोर्ड गेला की सन ‘थांब’ असा अर्थ घेतं आणि तसंच ओकेवर जाऊन बसतं.

४४. ओकेवर आल्यावर आधी रिसेट, मग प्रोब-स्कझी – थेट विचारलंस तर काही वेळा यंत्र गोठून बसतं. उत्तरात तीनवर जुनी आणि एकवर नवी दिसली तरच पुढे जा.

४५. जुनी सोलारिस नको असेल आणि नवीन टाकायची असेल तर नऊवर थांब – तुझ्या यंत्राला चालणारी ती शेवटची. सीडी-रॉम बदलायचा असेल तर ५१२ बाइटचे तुकडे वाचणारा शोध, साधा पीसीचा सीडी-रॉम २०४८चे वाचतो आणि सन त्यावरून सुरूच होत नाही.

४६. फॉरमॅट उघडलंस की ते डिस्कची यादी देऊन नंबर विचारतं. तिथे बोट थांबव, वही उघड, शेजारी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव – यादीतला शून्य हा स्कझीचा शून्य नसतो, आणि चुकीच्या डिस्कला लेबल लावायला एकच एंटर पुरतो.

४७. दोन नंबरच्या तुकड्याला, म्हणजे स्लाइसला, हात लावायचा नाही, तो सबंध डिस्कचा असतो. रूटचा तुकडा पहिल्या दोन गीगाबाइटच्या आत ठेव – डिस्क कितीही मोठी असली तरी जुन्या फर्मवेअरचा हात लांब पोचेलच असं नाही.

४८. न्यूएफएस करून झालं की यूएफएसडंपमधून थेट यूएफएसरिस्टोअरमध्ये ओत, साध्या कॉपीने नको – मालक, परवानग्या, जोड-फाइली आणि उपकरणांच्या फाइली हे सगळं तसंच्या तसं यायला हवं.

४९. इन्स्टॉलबूट विसरू नकोस – फाइली सगळ्या आल्या तरी सुरुवातीचा धडा नव्या डिस्कवर लिहिलेला नसेल, तर ती उठत नाही.

५०. नवी कप्प्यात जिथे आहे तिथूनच, म्हणजे एक नंबरवरून, उठवून बघ. तिच्या व्हीएफएसटॅबमध्ये त्यासाठी टी-एक लिही. पुढे जेव्हा तिला पहिल्या कप्प्यात हलवशील तेव्हा हलवण्याआधी टी-तीन कर – हेच ते वर म्हटलेलं नंबराचं प्रकरण. राहिलं तर नवी डिस्क उठेल, पण जुनीच्या नावाने फाइली शोधत बसेल, आणि जुनी शेजारी असेल तर तिच्यावरच लिहायला लागेल.

एवढं झालं की थांब. खरंच थांब. जुनी लगेच काढू नकोस. काही आठवडे रोजची कामं नवीवरून कर, जुनी फक्त वाचण्यापुरती लावून ठेव. एखादा महिन्याकाठी चालणारा कार्यक्रम असतो, एखादी जोड-फाइल तिसऱ्याच तुकड्याकडे बोट दाखवत असते, आणि तिची उणीव तिची गरज पडेपर्यंत कळत नाही.

५१. काढलेली डिस्क स्थिर वीज रोखणाऱ्या चंदेरी पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. खाऱ्या वाऱ्याला उघडा डबा आवडतो – पुड्या दर पावसाआधी बदल, जुन्या पुड्यांनी पाणी आधीच पिऊन टाकलेलं असतं.

५२. पिशवीवर लिही: कुठल्या यंत्राची, कुठला नंबर, कधी काढली, नक्कल कुठे आहे, कुठल्या जागा वाचता आल्या नाहीत – पाच वर्षांनी हे वाचणारा तू असशील, पण तुला काही आठवत नसेल.

५३. नकलेची एक प्रत रेवसच्या बाहेर हवी, पुण्याला किंवा ठाण्याला कुणाकडे तरी – ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे उडाले, घरात पाणी आलं, वीज कित्येक दिवस नव्हती. एकाच छपराखालच्या तीन प्रती त्या दिवशी एकाच नशिबाच्या असतात.

५४. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा यंत्र तासभर चालव – स्वतःच्या उबेने आतली ओल जाते, पंखा मोकळा राहतो, आणि डिस्कला फिरायची सवय राहते.

५५. लेबल लावण्याआधी, म्हणजे सेहेचाळीसाव्या मुद्द्यावर, मला फोन कर. यादी वाचून दाखव, मी फोनवर ऐकते. रात्री कितीही वाजले असले तरी चालेल, फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपलेली असते. आणि येताना तुझी वही घेऊन ये, होस्ट आयडीचं पान मला माझ्याकडे उतरवून ठेवायचंय.

तुझी,
आत्या